उरलेल्या एक-तृतीयांशाचं काय?



सुरुवात एका सोप्या हिशोबानं करू. सभेला 150 माणसं हजर आहेत. ठराव मंजूर व्हायला दोन-तृतीयांश मतं लागतात, म्हणजे 100. चिठ्ठ्या मोजल्या. बाजूनं 99, विरोधात 51. ठराव पडला. आता या घरात राहायचं नाही असं 99 जणांनी लिहून दिलंय, आणि त्याच घरात त्यांना राहायचंय. पुन्हा मोजू. एकच चिठ्ठी इकडची तिकडे गेली, 100 आणि 50. ठराव मंजूर झाला. त्या 50 जणांनी जागा सोडली नाही, मत बदललं नाही, श्रद्धा बदलली नाही. तरी त्यांचं घर बदललं.

आकडे उदाहरणाचे आहेत, पण हा हिशोब 2009 नंतरच्या तीन-चार वर्षांत अमेरिकेतल्या शेकडो ल्यूथरन मंडळ्यांमध्ये खरोखर मांडला गेला. आपण ज्या संघटनेचे आहोत तिच्यात राहायचं की बाहेर पडायचं, एवढाच प्रश्न होता. आजचं व्याख्यान त्या प्रश्नाविषयी आहे, आणि त्याहून जास्त त्या 50 जणांविषयी आहे.

'मंडळी' हा शब्द इथे पुन्हा पुन्हा येईल. ख्रिस्ती मराठीत मंडळी म्हणजे एका ठिकाणी उपासनेला जमणारी माणसं. इमारत निराळी, मंडळी निराळी. शब्द मोठा नेमका आहे, कारण आपण सगळेच 'घरची मंडळी' असंही म्हणतो. ज्या भांडणाची गोष्ट आज सांगायची आहे ते या दोन्ही अर्थांनी मंडळीतलं भांडण आहे.

ज्या संघटनेतून बाहेर पडायचं होतं तिचं नाव 'इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका'. तीन जुन्या ल्यूथरन संघटना एकत्र येऊन ती 1 जानेवारी 1988 पासून कामाला लागली. मुख्य कार्यालय शिकागोला, सभासद तेव्हा सुमारे 53 लाख. ऑगस्ट 2009 मध्ये तिची सर्वसाधारण सभा मिनियापोलिसला भरली. समोर दोन विषय होते. एक, मानवी लैंगिकतेविषयीचं संघटनेचं निवेदन. दुसरा, समलिंगी जोडीदाराबरोबर जन्मभराच्या, एकनिष्ठ, सर्वांसमक्ष मान्य केलेल्या नात्यात राहणाऱ्या माणसाला मंडळीचा धर्मगुरू, म्हणजे पाळक, म्हणून नेमायची मोकळीक मंडळ्यांना द्यावी का?

19 ऑगस्टच्या दुपारी शहराच्या मध्यभागावर चक्रीवादळ आलं. सभा चालू होती त्या भवनाच्या छपराला त्याचा तडाखा बसला. शेजारच्या सेंट्रल ल्यूथरन चर्चच्या मनोऱ्याचंही नुकसान झालं, वरचा क्रूस मोडला. त्याच दिवशी निवेदनावर मतदान झालं. बाजूनं 676, विरोधात 338. एकूण 1014. बेरीज-भागाकार करून पाहा, दोन-तृतीयांशाचा आकडा बरोबर 676 येतो. बाजूचं एक मत विरोधात गेलं असतं तर ठराव पडला असता. दोन दिवसांनी पाळकांच्या नेमणुकीचा मुख्य ठराव आला. त्याला साधं बहुमत पुरेसं होतं. तो 559 विरुद्ध 451 असा मंजूर झाला.

वादळ हा देवानं दिलेला इशारा, असं काहींनी जाहीरपणे सांगितलं. देव असा मनोरे मोडत बसत नाही, असं दुसऱ्यांनी तितक्याच कळकळीनं सांगितलं. एकाच वाऱ्याचा अर्थ एकाच पवित्र शास्त्रावर हात ठेवणारी माणसं इतका उलटसुलट लावू लागली, की समजावं, भांडण ठरावाच्या आधीपासूनचं आहे.

म्हणून आज पहिली गोष्ट बघायची ती ही, की हे भांडण किती जुनं आहे.

एकोणिसाव्या शतकात नॉर्वेहून हजारो शेतकरी विस्कॉन्सिन, आयोवा, मिनेसोटात येऊन वसले. आधी मंडळी जमली, मग लाकडी चर्च उभं राहिलं, मग कुठून तरी पाळक आला. संघटना त्यानंतर आली. हा क्रम लक्षात ठेवायला हवा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मिशन आधी आलं आणि मंडळी मागून उभी राहिली. तिथे मंडळी आधी होती. म्हणूनच 'आम्ही संघटनेचे' यापेक्षा 'संघटना आमची' अशी भावना त्या शेतकऱ्यांत खोल रुजली.

1880च्या दशकात नॉर्वेजियन सिनड या संघटनेत देवाच्या निवडीवरून वाद पेटला. देव माणसाला तारणासाठी निवडतो तो पुढे त्या माणसात दिसणारा विश्वास पाहून, की कशाचाही विचार न करता, निव्वळ कृपेनं? आज आपल्याला हा प्रश्न पंडितांचा वाटेल. पण त्या काळी दिवसभर नांगर धरणारी माणसं संध्याकाळी यावर हमरीतुमरीवर येत. हरमन आमबर्ग प्रेऊस हे सिनडचे अध्यक्ष, आणि विस्कॉन्सिनमधल्या नॉर्वे ग्रोव्ह इथल्या मंडळीचे पाळक. 1883 मध्ये गुड फ्रायडेच्या दिवशी त्यांच्याच मंडळीतल्या विरोधकांनी त्यांना चर्चबाहेर काढलं. गुड फ्रायडेला! ज्या दिवशी सगळं चर्च काळ्या कापडात, खालच्या आवाजात असतं, त्या दिवशी.

सिनडमधल्या जवळजवळ एक-तृतीयांश लोकांनी वेगळी चूल मांडली. गावोगावी एकाच भाषेची, एकाच धर्मप्रश्नोत्तरीवर वाढलेली, एकमेकांत सोयरिकी झालेली माणसं दोन चर्चमध्ये वाटली गेली. कित्येक ठिकाणी एका चर्चच्या पायरीवरून दुसऱ्याचा मनोरा दिसे. समेट व्हायला 1917 उजाडलं. ल्यूथरच्या धर्मसुधारणेला 400 वर्षं झाली त्या वर्षी मोठी संघटना पुन्हा एक झाली. तेव्हासुद्धा थोडे लोक आत आले नाहीत. त्यांनी पुढच्या वर्षी आपली वेगळी सिनड काढली, आणि ती आजही आहे.

प्रेऊस घराण्याची गोष्ट इथे संपत नाही. या हरमन प्रेऊस यांचे पणतू जे. ए. ओ. प्रेऊस 1969 मध्ये मिसुरी सिनड या दुसऱ्या मोठ्या ल्यूथरन संघटनेचे अध्यक्ष झाले. पवित्र शास्त्राचा अभ्यास इतिहासाच्या पद्धतीनं करावा का, यावरून तिथे रण माजलं. सेंट लुईसच्या कॉन्कॉर्डिया सेमिनरीचे, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेचे, प्राचार्य जॉन टिट्येन यांना जानेवारी 1974 मध्ये निलंबित केलं गेलं. 19 फेब्रुवारीला बहुतेक सगळे प्राध्यापक आणि बहुसंख्य विद्यार्थी आवारात जमले, हिरवळीवर पांढरे क्रूस रोवले, त्यावर आपापली नावं लिहिलेली होती, आणि रांगेनं बाहेर चालत गेले. त्यांनी आपल्या शाळेचं नाव ठेवलं 'सेमिनेक्स', म्हणजे वनवासातली सेमिनरी. 1976 मध्ये सुमारे 250 मंडळ्या मिसुरी सिनडमधून बाहेर पडल्या आणि त्यांनी छोटी संघटना केली. पणजोबांना मंडळीनं दाराबाहेर काढलं. पणतूच्या कारकिर्दीत माणसं स्वतः दार ओलांडून गेली.

आता धागा जोडा. 1988 मध्ये ज्या तीन संघटना एकत्र आल्या, त्यातली सगळ्यात लहान ती म्हणजे ही बाहेर पडलेल्यांची संघटना. त्या एकीसाठी सगळ्यात जास्त धडपड त्यांचीच होती. एका घरातून निघालेल्या माणसांनी मोठं घर बांधायला हात लावला, आणि 21 वर्षांनी त्याच घरातून दुसरी माणसं बाहेर पडू लागली. जाणारा तेवढा फुटीर आणि राहणारा तेवढा निष्ठावंत, असं म्हणण्याची सोय ल्यूथरन इतिहासात नाही. मुळात ज्याच्या नावानं ही परंपरा चालते, त्या ल्यूथरचीच गोष्ट बाहेर पडण्याची किंवा बाहेर काढलं जाण्याची आहे.

दुसरी गोष्ट पद्धतीची. इथे थोडं थांबायला हवं, कारण खरं दुःख पद्धतीच्या तपशिलात दडलेलं आहे.

मंडळीला संघटना सोडायची असेल तर नियम काय होता? एक रीतसर बोलावलेली खास सभा. हजर सभासदांपैकी दोन-तृतीयांश मतं. मग बिशपला कळवायचं. मग निदान 90 दिवस सल्लामसलत. बिशप येणार, बोलणार, ऐकणार. मग दुसरी सभा, पुन्हा दोन-तृतीयांश. दोन्ही वेळा ठराव टिकला तरच सुटका. दुसऱ्या ल्यूथरन संघटनेत जाणार असाल तर साधारणपणे इमारत आणि जमीन तुमचीच. पण एकत्रीकरणापूर्वी 'ल्यूथरन चर्च इन अमेरिका'त असलेल्या मंडळ्यांना आपल्या विभागाच्या सिनड कौन्सिलची संमतीही लागे, आणि 'अमेरिकन ल्यूथरन चर्च'मधून आलेल्यांना ती लागत नसे. म्हणजे शेजारशेजारच्या दोन गावांत, एकाच प्रश्नावर, एकाच निकालानंतर, एका मंडळीची वाट सोपी आणि दुसरीची अवघड. का? तर 1988 पूर्वी आजोबांनी कुठल्या संघटनेची पाटी दारावर लावली होती, त्यावरून.

या नियमात शहाणपण आहे, हे मनापासून मान्य करायला हवं. रागाच्या भरात एका रविवारी घर मोडू नये म्हणून कुणीतरी विचार करून तीन महिन्यांची भिंत घातली आहे. आपल्याकडे वाटण्या होतात तेव्हा अशी भिंत असती तर कितीतरी भावांचं बोलणं टिकलं असतं.

पण ते 90 दिवस कसे गेले असतील? डोळ्यांसमोर आणा. चर्चखालचं तळघर, घडीच्या खुर्च्या, कॉफीचं मोठं भांडं. भिंतीवर दर वर्षीच्या दृढीकरणाच्या विधीचे फोटो रांगेनं लावलेले, 1930च्या सुमारापासूनचे. पांढऱ्या झग्यातली चौदा-पंधरा वर्षांची मुलं. त्यातली काही मुलं आता म्हातारी होऊन या खोलीत बसलेली. दाराशी सभासदांची यादी घेऊन सचिव बसलीय आणि प्रत्येकाच्या नावापुढे खूण करतेय. आजवर या दारात तिनं कुणाला नाव विचारलेलं नाही. आज विचारावं लागतं, कारण कुणाला मत आहे आणि कुणाला नाही, याची काटेकोर नोंद हवी. वर्षानुवर्षं नाताळाशिवाय न दिसणारा एखादा पुतण्या आज पहिल्या रांगेत बसलाय. आणि ज्या आजीनं या इमारतीच्या विटांसाठी चाळीस वर्षं केक विकले, ती वृद्धाश्रमात आहे. मंडळ्यांच्या नमुना घटनेनुसार गैरहजर माणसाचं मत टपालानं येत नाही, दुसऱ्याच्या हातीही देता येत नाही. तिची खुर्ची रिकामी, तिचं मत मोजणीत नाही.

आणखी एक जण त्या खोलीत असू शकतो. सतरा-अठरा वर्षांचा, आईशेजारी बसलेला. ज्या प्रश्नावर मोठी माणसं भाषणं करतायत तो प्रश्न आपणच आहोत, हे त्याला ठाऊक आहे आणि खोलीत दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या कानावर काय काय पडलं असेल? ज्या काकांनी त्याला मासे धरायला शिकवलं ते उठून काय बोलले असतील? हे दृश्य घडवलेलं आहे, पण इतक्या मंडळ्यांत ते एकदाही घडलं नसेल असं म्हणवत नाही. 2009 च्या वादाबद्दल कुणाचं मत काहीही असो, त्या मुलाच्या जागी बसून ती सभा एकदा ऐकल्याशिवाय त्या मतावर बोलू नये.

पुढच्या काही वर्षांत सहाशेहून अधिक मंडळ्या बाहेर पडल्या. काही 2001 मध्ये निघालेल्या 'ल्यूथरन काँग्रिगेशन्स इन मिशन फॉर ख्राइस्ट' या सैलसर संघात गेल्या. त्या संघाचा जन्मही एका भांडणातलाच. संघटनेनं 1999 मध्ये मंजूर केलेल्या एपिस्कोपल चर्चशी असलेल्या करारामुळे बिशपांचं वजन वाढेल, या भीतीतून तो निघाला होता. काहींनी ऑगस्ट 2010 मध्ये ओहायोत स्थापन झालेलं 'नॉर्थ अमेरिकन ल्यूथरन चर्च' जवळ केलं. कित्येक मंडळ्यांत ठराव थोडक्यात पडला आणि मग हरलेले लोक गटानं निघून गेले. कुठे ठराव जिंकला आणि उरलेले निघाले. कुणी शाळेच्या सभागृहात उपासना सुरू केली, कुणी दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये रविवारची दुपारची वेळ मागून घेतली.

आता आपल्या देशाकडे येऊ. इथल्या ल्यूथरन मंडळीनं हेच दुःख 140 वर्षं आधी भोगलं आहे.

बर्लिनच्या योहान्नेस गॉसनर यांनी पाठवलेले चार तरुण मिशनरी 2 नोव्हेंबर 1845 ला रांचीत पोचले. पाच वर्षं एकही बाप्तिस्मा झाला नाही. 9 जून 1850 ला चार उरांव आदिवासी पुरुषांचा पहिला बाप्तिस्मा झाला. मग मंडळी झपाट्यानं वाढली. 1858 मध्ये गॉसनर वारले. त्यानंतर बर्लिनचं मंडळ आणि रांचीतले जुने मिशनरी यांच्यात हिशोब, अधिकार आणि नव्या-जुन्यांच्या मानापमानावरून तेढ वाढत गेली. शेवटी 1869 मध्ये जुने मिशनरी हजारो आदिवासी ख्रिस्ती लोकांना घेऊन कलकत्त्याचे बिशप रॉबर्ट मिलमन यांच्याकडे, म्हणजे अँग्लिकन चर्चमध्ये, गेले. बाकीचे हजारो ल्यूथरनच राहिले. एकाच गावात, कधी एकाच घरात, दोन मंडळ्या झाल्या. भांडण बर्लिन आणि रांची यांच्यातलं, जर्मन माणसांचं. मुंडा-उरांव शेतकऱ्यांचं त्यात काय होतं? आपला पाळक कुणीकडे गेला, एवढंच. ल्यूथरन क्राइस्ट चर्च 1855 पासून रांचीत उभं होतं. अँग्लिकनांचं सेंट पॉल कॅथेड्रल 1873 मध्ये त्याच शहरात उभं राहिलं.

ज्या ल्यूथरन मंडळीनं ते सोसलं ती 1919 मध्ये परदेशी मिशनच्या हाताखालून बाहेर येऊन स्वायत्त झाली, आणि 1977 मध्ये ती स्वतःच पुन्हा फुटली. 'नॉर्थ वेस्टर्न गॉसनर इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च' तेव्हा वेगळं झालं.

आणि 1869 मध्ये गेलेल्यांचं काय झालं? इथे महाराष्ट्राचा संबंध येतो. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना झाली, तेव्हा रांचीभोवतालच्या छोटानागपूरची अँग्लिकन मंडळी त्यात आली. अहमदनगर भागातल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्याही आल्या. रांचीत ल्यूथरन पाळकाच्या हातून ज्यांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा झाला ते, आणि नारायण वामन टिळकांची भजनं गात वाढलेले नगरकर, नागपूरच्या त्या दिवशी एका चर्चचे झाले. ल्यूथरन मंडळ्या मात्र त्या एकीत सामील झाल्या नाहीत.

एकीलाही वाटणीसारखीच कागदपत्रं लागतात, हे नंतर कळलं. गुजरातेतल्या ब्रदरन पंथाच्या मंडळीची मालमत्ता 1970 च्या एकत्रीकरणानं नव्या चर्चकडे गेली की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. 2013 मध्ये न्यायालयानं सांगितलं, नुसता ठराव पुरेसा नाही. संस्था नोंदणीचा कायदा आणि मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा यांतली रीत पाळलेली नसेल तर विलीनीकरण झालंच नाही. म्हणजे 43 वर्षं आपण एक आहोत असं समजून प्रार्थना केलेल्या माणसांना कोर्टानं सांगितलं, तुम्ही एक नव्हतात.

तिसरी आणि शेवटची गोष्ट सद्सद्विवेकबुद्धीची. 1521 मध्ये वर्म्सच्या सभेत ल्यूथरनं माघार घ्यायला नकार दिला, तेव्हा त्याचा आधार एकच होता: माझी सद्सद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाशी बांधलेली आहे, तिच्याविरुद्ध जाणं मला जमणार नाही. 2009 च्या निवेदनानं हीच कल्पना पुढे आणली. या प्रश्नावर ख्रिस्ती माणसांच्या बुद्धी वेगवेगळ्या ठिकाणी बांधल्या गेल्या आहेत, त्या सगळ्यांचा मान राखून एकत्र राहू या, असं त्यात सुचवलं होतं. सोडणाऱ्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, ल्यूथरची बुद्धी वचनाशी बांधलेली होती, प्रत्येकाच्या मताशी नव्हे. राहणाऱ्यांचं म्हणणं, आम्हीही वचनच वाचतोय. दोन्ही बाजूंनी ल्यूथर पुढे केला. पण वर्म्समध्ये ल्यूथर एकटा उभा होता आणि सभा त्याच्या विरोधात होती. तळघरातल्या सभेत त्याची जागा कुणाकडे? बाजूनं चिठ्ठी टाकणाऱ्या 100 जणांकडे, की विरोधात बसलेल्या 50 जणांकडे?

म्हणून एक आग्रह आहे, आणि तो अमेरिकेतल्या मंडळ्यांना जेवढा लागू तेवढाच रांचीतल्या किंवा नगरमधल्या मंडळीला. पहिली मतपत्रिका वाटण्याआधी मंडळीनं एक निराळा ठराव करावा, आणि तो साध्या बहुमतानं नव्हे, सगळ्यांच्या संमतीनं. निकाल काहीही लागो, अल्पमतात पडणाऱ्यांना उपासनेला जागा किती दिवस मिळेल? ठेवीतला कोणता वाटा त्यांचा? मागच्या दफनभूमीत त्यांच्या आईबापांच्या शेजारी त्यांना जागा राहील ना? बाप्तिस्म्याच्या नोंदवहीची प्रत त्यांना मिळेल ना? हे आधी लिहून घ्यावं. तेव्हा आपण कुठल्या बाजूला पडणार हे कुणालाच पक्कं ठाऊक नसतं, म्हणून तेव्हाच प्रत्येक जण दुसऱ्यासाठी न्यायानं बोलेल. मतं मोजून झाल्यावर तो मोठेपणा आणायला संत लागतात, आणि मंडळीत सगळीच माणसं संत नसतात.

दुसऱ्या सभेनंतरच्या सोमवारी काय होतं, ते सांगून थांबतो. सचिव चर्चच्या कार्यालयात येते. टेबलावर पत्रं पडलेली असतात, दाखले मागणारी. सोडून जाणाऱ्या सभासदाला त्याच्या मंडळीनं दाखला द्यायचा असतो: नाव, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरणाची तारीख, आणि हा सभासद आम्ही अमुक मंडळीच्या स्वाधीन करत आहोत अशी ओळ. ती नोंदवही काढते. जुनी पानं नॉर्वेजियन अक्षरांत लिहिलेली आहेत. तिनं काल बाजूनं मत दिलं होतं, आणि पहिलं पत्र तिच्या चुलत बहिणीचं आहे. दोघींच्या बाप्तिस्म्याची नोंद एकाच पानावर आहे, एकाखाली एक. ती तारीख उतरवून घेते.